एका वाटेला दोन चाकू

एकदा एका डोंगरातल्या वाडीत एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, असा त्याला जोडून आणखी एक नियम होता.

वाडी शिकाऱ्यांची होती. खाली खोऱ्यातल्या पिकांत रानडुकरं शिरली की गावांकडून बोलावणं येई, आणि वाडीतली माणसं जोडीजोडीने रानात उतरत. जोडी म्हणजे एक गुरू आणि एक शिष्य. भाले दोघांकडे असत, पण चाकू एकाकडेच, तो गुरूकडे. भाला लागून पडलेल्या जनावराला तडफडत ठेवायचं नाही, चाकूने तत्काळ सोडवायचं, हे काम गुरूचं. बाकी आडवा आलेला वेल तोडायचा, पायात रुतलेला काटा काढायचा, भाकरीबरोबर कांदा चिरायचा, तेही त्याच चाकूने.

पुढे गुरूचा हात थरथरू लागला की वाडीतली थोरली मंडळी देवळासमोरच्या उंबराखाली जमत. गुरू आपला चाकू तिथल्या दगडावर ठेवी. शिष्य तो उचली. त्या क्षणापासून वाट शिष्याची होई, आणि गुरूने पुन्हा रानात पाऊल टाकायचं नसे. एका वाटेला दोन चाकू असू नयेत, एवढाच तो नियम. मग ते म्हातारे अंगणात बसून राहत, येणाऱ्या-जाणाऱ्याला रानातली खबर विचारत, हळूहळू विचारायचं सोडून देत, आणि बहुतेक जण वर्षभराच्या आत जात. त्याचा संबंध नियमाशी कोणी लावत नसे. म्हातारी माणसं जायचीच, असं म्हणून लोक आपापल्या कामाला लागत.

याच वाडीत सगुणा नावाची एक मुलगी होती. तिचा गुरू म्हणजे वाडीतला सर्वांत जाणता मागकरी, म्हणजे जनावराचा माग काढणारा. त्याला सगळे आबा म्हणत. मुलगी शिष्य कशी होऊ शकते यावर वाडीत पुष्कळ चर्चा झाली होती. चर्चा करणारे दमले, सगुणा दमली नाही, आणि आबांनी तर त्या चर्चेत भागच घेतला नाही. ते तिला घेऊन रानात गेले, इतकंच. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिला आई-बाप होते, पण ती जेवायला आबांकडे जास्त असे.

एके दिवशी शिकारीत डुक्कर पडलं. आबांनी चाकू चालवला आणि हात घसरला. जनावर ओरडलं. आबांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ओरडलं, मग शांत झालं. तो आवाज पलीकडच्या वाटेवर हैबती नाईकांनी ऐकला. नाईक वाडीचे म्होरके.

दुसऱ्या दिवशी नाईक आबांच्या दारी आले. पाणी प्यायले, गुडघ्यांची चौकशी केली, यंदा फणस कसा लागलाय यावर बोलले. उठता उठता म्हणाले, "आबा, सोमवारी सकाळी उंबराखाली जमू."

"बरं," आबा म्हणाले.

कोणी बारशाचं आमंत्रण द्यावं आणि आपण ते घ्यावं, तसं ते ‘बरं’ होतं. आत चुलीपाशी बसलेल्या सगुणाच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. नाईक अंगणाबाहेर गेले, तशी ती बाहेर आली.

"तुम्ही बरं कसं म्हणालात?"

"मग काय म्हणायचं?"

"नाही म्हणायचं. मराठीत तोही शब्द आहे."

आबा हसले. "पोरी, हात तू पाहिलास ना काल? जनावराला त्रास झाला. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं."

 सगुणाने अंगणातली केरसुणी उचलली आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. झाडून झाल्यावर म्हणाली, "उद्या बाजार आहे. मला चाकू घ्यायचाय."

"तुला माझा मिळतोय की सोमवारी."

"तो तुमचा आहे."

"सोमवारनंतर तुझा."

"म्हणूनच उद्या जायचंय."

आबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ती काय करू पाहते आहे हे त्यांना कळलं की नाही, ते तिला समजलं नाही. शेवटी ते म्हणाले, "हिरडा विकून साठवलेले पैसे खुपतायत वाटतं."

"माझे आहेत. मी काहीही करीन."

"कर. पण मी बरोबर येतो. तुला अजून धार दिसते, चाकू दिसत नाही."

बाजारात लोखंडी सामानाचं एक दुकान होतं. व्यापारी मोठा हसतमुख होता. चाकू म्हटल्याबरोबर त्याने गिऱ्हाइकाकडे एकदा आणि गिऱ्हाइकाच्या वहाणांकडे एकदा पाहिलं, आणि तरीही सर्वांत महागडा चाकू आधी काढला. मिटता चाकू, शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, पातं असं की त्यात आपला चेहरा दिसावा.

"हा घ्या आजोबा. तुमची नातवंडं वापरतील."

"नातवंडं कुठली. ही एवढी एकच आहे, आणि हिच्या लग्नाचं काही लक्षण दिसत नाही."

"आबा, चाकू बघा," सगुणा म्हणाली.

व्यापाऱ्याने मग दुकानभर चाकू पसरले. आबा एकेक हातात घेत. एकाचं पातं उघडल्यावर डुगडुगत होतं, तो त्यांनी न बोलता बाजूला ठेवला. एक इतका घट्ट की दोन्ही हात लावल्याशिवाय उघडेना. "एका हाताने फांदी धरलेली असली तर काय दातांनी उघडू?" असं म्हणून तोही ठेवला. एकाचं पातं वीतभर लांब होतं. सगुणाला तो आवडला. आबा म्हणाले, "हा भांडणाचा चाकू. कामाला एवढं पातं लागत नाही." एक मिटताना असा खटकन वाजला की शेजारच्या दुकानातली मांजर उठून गेली. आबांनी मांजरीकडे बोट दाखवलं आणि तो चाकू परत दिला.

अखेर दोन उरले. एक तो शिंगाच्या मुठीचा. दुसरा खोक्याच्या तळाशी सापडलेला, साध्या लाकडाची मूठ, काळपट पातं, मिटल्यावर सगुणाच्या मुठीत मावेल एवढा. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक होता. तो दुसरा चाकू व्यापारी काढायलाच लाजत होता.

"धार दोन्हींना आहे?" आबांनी विचारलं.

व्यापाऱ्याने महागडा चाकू आपल्या मनगटावरून फिरवला. केस साफ निघाले. स्वस्तातल्या चाकूने निम्मे निघाले, निम्मे वाकले.

"दगडावर थोडे घासून बघू का? तुमच्याकडे मागे धार लावायचं चाक आहे, मी येताना पाहिलं. जो घेणार नाही, त्याची धार तुम्हाला लगेच परत आणता येईल."

"घासा की. माझ्या मालाला काही होत नाही."

तेव्हा आबांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. दोन्ही चाकू उघडून ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि पाती उभी धरून, नुसती धारेवर, त्या दगडी पायरीवर घासू लागले. खर्र खर्र असा आवाज सगळ्या आळीत गेला. व्यापाऱ्याचं हसू जागच्या जागी थिजलं. दोन-चार माणसं थांबून बघू लागली. आबांनी जवळच उगवलेलं गवताचं पातं तोडून त्यावर दोन्ही चाकू चालवून पाहिले. गवत दबलं, तुटलं नाही. तेव्हा कुठे त्यांनी हात थांबवला.

"आबा, लोक बघतायत," सगुणा दबक्या आवाजात म्हणाली. "नवे चाकू बोथट करतं का कोणी?"

आबांनी कमरेच्या चंचीतून एक गुळगुळीत दगड काढला. ओढ्यातला, वाडीच्या खालच्या वळणावर मिळतो तसला. तो त्यांनी तिच्यापुढे ठेवला. "लाव धार. दोन्हींना."

सगुणाचा स्वभाव असा की आधी भांडावं आणि मग करावं. पण भोवती माणसं होती, म्हणून तिने मुकाट्याने दगड ओला केला. स्वस्तातला चाकू घेतला. पातं दगडाला लागल्याबरोबर दगडाने ते धरलं. चिखलासारखं काळं पाणी सुटलं. थोड्या वेळाने तिने गवताचं पातं घेतलं, आणि ते असं सहज दुभंगलं की तिला कळलंच नाही. मग तिने शिंगाच्या मुठीचा चाकू घेतला. दगड त्यावरून नुसता घसरत होता. तिचे खांदे भरून आले, कपाळावर घाम आला, आणि पात्याला चकाकी तेवढी आली. गवत पुन्हा दबलंच.

"त्याला चाकच लागतं," व्यापारी म्हणाला. तो प्रामाणिक होता. "पोलाद फार कडक आहे त्याचं."

"तुमचं चाक रानात येईल?"

"मीच येत नाही रानात, चाक कुठून येईल?" व्यापारी आता मनापासून हसला. "पण आजोबा, सांगून ठेवतो, हा काळा चाकू गंजतो. मागाहून बोल लावू नका."

"गंजू दे. रोज तेलाचं बोट फिरवावं लागेल. रोज हात लावावा लागतो ती वस्तू माणूस विसरत नाही."

सगुणाने पैसे दिले. चाकू मिटून मुठीत घेतला. दुकानातून बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "एवढा तमाशा करण्यापेक्षा हा घे म्हणून सांगितलं असतंत तर?"

"तू ऐकलं असतंस?"

"नाही."

"म्हणून."

दोघं एका चिंचेखाली टेकली. आबा सावकाश बोलू लागले, तसे ते रानातही बोलत, जणू शब्दांखालीही कोणाचा माग असावा. "पोरी, दुकानात जी धार दिसते ती दुकानदाराची. माणूस तिला भुलतो. पण पहिल्या हाडाला, पहिल्या निब्बर वेलाला ती जाणारच. धार गेल्यावर जे हातात उरतं, तो चाकू. ते उरलेलं आपल्या हाताला, आपल्या ओढ्याच्या दगडाला दाद देतं का, एवढं बघायचं. आणि महाग वस्तूची एक गंमत असते. ती झिजेल म्हणून माणूस ती वापरत नाही, हरवेल म्हणून बाहेर काढत नाही. शेवटी माणूसच त्या वस्तूची राखण करत बसतो. रानात राखण करायला वेळ नसतो. आपल्याला पुन्हा उभं करता येतं ते घ्यावं, आणि न भिता वापरावं."

बोलताना त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि बारीक थरथरत होते. सगुणा त्या हातांकडे पाहत राहिली. तिच्या मनात आलं, हा माणूस लोखंडाविषयी इतकं जाणतो, आणि स्वतःविषयी याला काहीच कसं कळत नाही. तिला त्यांचा राग आला, आणि त्यांचे हात आपल्या हातांत घ्यावेत असंही वाटलं. तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. चिंचा पडल्या होत्या, त्या गोळा केल्या आणि त्यांना दिल्या.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "आबा, एका वाटेला दोन चाकू का चालत नाहीत?"

"नियम आहे."

"का आहे?"

"मी माझ्या गुरूंना विचारलं होतं. ते म्हणाले, नियम आहे." आबा चालत राहिले. "मला वाटतं, पूर्वी लोखंडच मिळत नसेल. अख्ख्या वाडीत मोजकी पाती. एकाने ठेवल्याशिवाय दुसऱ्याला मिळणार कसं?"

"त्या दुकानात तर खोकंभर पडलीत."

"हो."

"मग?"

"मग काय. सोमवारी मी ठेवीन, तू उचल. सरळ उचल, वाद घालू नकोस. माझा मान राहील."

"तुमचा मान काय असतो ते मला कळत नाही. तुम्ही कळता."

 थोडं पुढे जाऊन आबा एकाएकी थांबले. वाटेवरचं एक पान उलटं पडलेलं होतं. सगुणा त्यावरून पुढे गेली होती. आबा वाकले. "पोट वर आहे आणि अजून ओलं आहे. कळप नुकताच वळला. बारीक खुरंही उमटलीत, पिल्लं आहेत बरोबर. या अंगाला आठवडाभर कोणी भाला आणू नये, नाईकांना सांग."

"तुम्हीच सांगा," सगुणा म्हणाली.

सोमवारी सकाळी उंबराखाली थोरली मंडळी बसली. हैबती नाईक मधोमध, खांद्यावर कांबळं. आबा आंघोळ करून, धुतलेलं मुंडासं बांधून आले होते. जणू कुठे पाहुणा म्हणून जायचं होतं. त्यांनी कमरेचा चाकू काढला. वर्षानुवर्षं धार लावून त्याचं पातं निमुळतं झालं होतं, मूठ हाताच्या घामाने काळी झाली होती. तो त्यांनी दगडावर ठेवला. ठेवताना हात थरथरला आणि पातं दगडावर किंचित वाजलं. सगळ्यांनी ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

"सगुणा," नाईक म्हणाले, "उचल."

सगुणा उभी राहिली. उचलायला वाकली नाही.

"पोर घाबरली," एक म्हातारा समजुतीने म्हणाला. "पहिल्यांदा असं होतं."

"घाबरले नाही, काका. माझ्याकडे चाकू आहे." तिने आपला चाकू दाखवला.

एकाने तो लांबूनच न्याहाळला. "हा? हा तर खोक्यातल्या तळाचा माल."

"तळाचाच आहे. धार मी लावलीय."

"ते ठीक," नाईक म्हणाले. "पण एका वाटेला दोन चाकू नसतात. नियम ठाऊक आहे ना?"

"नियम ठाऊक आहे. का ते ठाऊक नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर सांगा, मी आत्ता उचलते."

नाईकांनी शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्याने देवळाकडे. "पूर्वापार चालत आलंय," कोणीतरी म्हणालं.

"ते ‘कधीपासून’ हे झालं. मी ‘का’ हे विचारतेय."

नाईक वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. "पोरी, त्या दिवशी जनावर ओरडलं तेव्हा तू तिथे होतीस. उद्या ते पडलेलं उठलं तर? आबांच्या अंगावर आलं तर? तुझ्या आलं तर? आम्हाला काय हौस आहे त्यांना घरी बसवायची? त्यांच्या बऱ्यासाठीच हे."

हा प्रश्न खरा होता. सगुणानेही तो खरा मानला. 

"जनावर सोडवायचं काम आजपासून माझं," ती म्हणाली. "त्यासाठीच हा चाकू घेतलाय. हात त्यांचे थरथरतात, डोळे नाही. परवा ज्या पानावरून मी चालत गेले, त्या पानावर त्यांनी पिल्लांचा कळप पाहिला. मी एकटी असते तर याच आठवड्यात भाला घेऊन तिथेच शिरले असते, आणि पिल्लांच्या आईसमोर उभी राहिले असते. मग माझ्या बऱ्यासाठी तुम्ही काय केलं असतंत?"

 तिचा आवाज उतरला. "आणि नाईक, घरी बसवलेलं माणूस किती दिवस बसतं? तुमच्या वडिलांनी इथेच चाकू ठेवला होता. तुम्हीच उचलला होता. त्यानंतर ते काय करत असत, ते सांगा."

नाईकांचे ओठ हलले. वडील दारात बसून, सगळे रानातून परतेपर्यंत जेवायला नकार देत असत, हे वाडीतल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. ते नाईकांनी सांगितलं नाही.

"सगुणा," आबा हलकेच म्हणाले. "उचल. माझ्यासाठी."

ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. आता ती मंडळींशी बोलत नव्हती. "नाही आबा. तुमचं सांगणं मी भांडून भांडून, पण ऐकत आले. हे नाही ऐकणार. तुमचा चाकू मी उचलणार नाही. आज नाही, कधीच नाही. तो उचलला तर तुमच्याच हाताने उचलला जाईल. आणि तुम्ही नसाल त्या वाटेला मी जाणार नाही. मग खोऱ्यातल्या गावांकडून बोलावणं आलं तर ही सगळी मंडळी मिळून जाऊ दे."

ती तिथेच बसून राहिली, त्यांच्याकडे पाहत.

 हैबती नाईकांनी काही म्हणण्यासाठी हात वर केला, त्या हाताकडे स्वतःच पाहिलं, आणि तो सावकाश कांबळ्याखाली घेतला. बाकीचे म्हातारेही खाली पाहत होते, आपापल्या मांडीवरच्या हातांकडे, जे उद्या याच दगडावर चाकू ठेवणार होते.